तोंडावळा मोजणारा कॅमेरा

बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याच्या आरोग्य केंद्रात काय किंवा अंगणवाडीत काय, बाळाचं वजन होतं, उंची घेतली जाते. चेहरा मात्र नजरेनंच पारखतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून मुलं तपासतात. जन्मदोषांच्या त्यांच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, डाउन सिंड्रोम आहे. फीटल अल्कोहोल सिंड्रोम, म्हणजे गरोदरपणी आईनं घेतलेल्या दारूनं बाळाला होणारा विकार, मात्र नाही. आपल्याकडे बायका पीत नाहीत, असं म्हणून हा विषय मिटवला जातो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे एक टक्का स्त्रियांनी मद्यपान सांगितलं आहे, आणि देशाच्या लोकसंख्येत एक टक्का म्हणजे लाखो बायका.

हा विकार १९६८ मध्ये फ्रान्समध्ये पॉल लमवान यांनी १२७ मुलांवरून मांडला. १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी त्याला नाव दिलं. चेहऱ्यावरच्या खुणा तीन: डोळ्याची फट आखूड, नाकाखालची उभी पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ. कॅथलीन सुलिक यांच्या १९८१ च्या उंदरांवरील प्रयोगानं दाखवलं की हा चेहरा गर्भधारणेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास घडतो. तेव्हा पाळी जेमतेम चुकलेली असते; अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून आईला गुन्हेगार ठरवणं मला क्रूर वाटतं.

सिएटलच्याच सुझन ॲस्टली यांनी साध्या फोटोवरून मापं काढणारी पद्धत बसवली. कपाळावर ठरावीक मापाची गोल टिकली चिकटवायची. तिच्यावरून संगणकाला प्रमाण कळतं आणि डोळ्याची फट मिलिमीटरमध्ये मोजता येते. अट एकच, चेहरा शांत हवा. बाळ हसलं की पन्हळ सपाट होते, ओठ ताणून पातळ दिसतो, आणि निरोगी मूलही आजारी ठरू शकतं. तान्ह्या बाळाला कोण सांगणार, हसू नकोस म्हणून! त्रिमितीय कॅमेरा साध्या फोटोच्या पुढे जातो. अनेक बाजूंनी एकाच क्षणी टिपलेल्या प्रतिमांतून चेहऱ्याचा सगळा उंचसखलपणा हाती येतो. पीटर हॅमंड आणि मायकेल सटी यांनी त्याची सरासरी चेहऱ्याशी तुलना करण्याचं तंत्र रुजवलं. २०१७ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी वर्षाच्या ४१५ बाळांचे असे चेहरे तपासले, तेव्हा आईनं थोडीच दारू घेतली असतानाही नाक, डोळे, ओठ यांभोवती बारीक फरक सापडले. ते डोळ्यांना दिसत नव्हते, आणि संशोधकांनी त्यांना आजारही म्हटलं नाही.

पण सरासरी चेहरा कुणाचा? केप टाउनच्या मुलांसाठी सटी यांना तिथल्याच मुलांचे चेहरे मोजावे लागले. इथल्याच बाळांना मोजणं पुणे जिल्ह्याला नवं नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या केईएम संशोधन केंद्रानं १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या आया आणि बाळं अभ्यासली. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं; तरी इथल्या बाळाच्या अंगावरची चरबी त्या मानानं टिकून होती. परक्या मोजपट्टीनं हे कधीच कळलं नसतं. कॅमेरा पणदऱ्यात आणण्याआधी बारामती-इंदापूरच्या निरोगी बाळांचे चेहरे असेच मोजले पाहिजेत.

तोवरही, आणि त्यानंतरही, नुसत्या चेहऱ्यावरून निदान होत नाही; वाढ, मेंदूचा विकास आणि गरोदरपणाची हकिगतही पाहावी लागते. दारूनं मेंदूला इजा झालेल्या बहुतेक मुलांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो. ती मुलं कॅमेऱ्यातून निसटतात. त्यांच्यासाठी आशाताईनं गरोदर बाईशी एकांतात, दोष न देता बोलणंच कामाला येतं.