‘चंद्रकांता’ : पोरे खूश, वाचक नाखूश

१९९४ साली नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ मालिका दूरदर्शनवर आली. रविवारी सकाळी आमच्या प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावांतही शेजारपाजार टीव्हीपुढे जमे. अखिलेंद्र मिश्रांच्या क्रूरसिंगाचे ‘यक्कू’ पोरांच्या तोंडी बसले.

पण देवकीनंदन खत्रींची १८८८ ची कादंबरी वाचलेले हिरमुसले. ती वाचण्यासाठी कित्येकजण हिंदी शिकले, असे सांगतात. तिच्यातले ऐयार वेष पालटून, डोके लढवून जिंकतात. तिलिस्मही कारागिरांनी घडवलेला. मालिकेत मात्र चमत्कार वाढले नि कथा भलतीकडे गेली.

करमणूक म्हणून मालिका गोडच होती. पण आजही घरात तिची गोष्ट निघाली, तर पोरांना एवढे जरूर सांगावे : मूळ कथेत मंत्रतंत्राने नव्हे, अकलेने कामे होतात. जमल्यास पुस्तक आणून रात्री मोठ्याने वाचावे.