लाइक करा, नाहीतर रिपोर्टमध्ये दिसाल!

सोमवार, सकाळचे पावणेदहा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कसंबसं डेस्क गाठता, लॉगिन करता आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात टुंग! सीईओ सरांनी पोस्ट टाकलीय. सूर्योदयाचा फोटो आणि खाली 'पॅशन'वर तीन ओळी. अजून कॉफीसुद्धा घेतलेली नसते, पण तुम्ही अंगठा देऊन मोकळे होता. का? कारण शेजारच्याने दिलाय. आणि त्याच्या बॉसनेही दिलाय.

तो अंगठा मोजणारी मुलगी मी होते.

म्हणजे झालं असं, की मास कम्युनिकेशन केल्यावर मला हातात माइक धरायचा होता. नोकरी लागली ती मात्र एका आयटी कंपनीच्या इंटर्नल कम्युनिकेशन टीममध्ये. साल २०२२. लॉकडाउननंतर लोक हळूहळू ऑफिसात परतत होते, आणि एचआरला एकच घोर लागला होता, 'एंगेजमेंट'. लोकांना कंपनी आपली वाटली पाहिजे, बॉस! त्यावरचा फंडा म्हणजे कंपनीच्या आतलं फेसबुक. ते हलतं ठेवायचं, हे माझं काम.

गंमत बघा. आपल्या आधीच्या बॅचला ऑफिसात ऑर्कुट उघडायची चोरी होती. आयटीवाले साइट ब्लॉक करायचे आणि पोरं प्रॉक्सी शोधून स्क्रॅप टाकायची. मग कंपन्यांच्याच डोक्यात आलं, की एवढी हौस आहे तर आतच करा की! २००८ मध्ये 'यामर' आलं. मायक्रोसॉफ्टने ते २०१२ मध्ये तब्बल १२० कोटी डॉलरला विकत घेतलं आणि २०२३ मध्ये त्याचं बारसं पुन्हा करून 'व्हिवा एंगेज' नाव ठेवलं. 'स्लॅक'ची कहाणी तर अजूनच सही. ग्लिच नावाचा एक ऑनलाइन गेम बनवणाऱ्या टीमने आपापसात बोलायला एक चॅट तयार केलं होतं. २०१२ मध्ये गेम बंद पडला, चॅट उरलं, आणि पुढे सेल्सफोर्सने ते २७ अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतलं. खुद्द फेसबुकनेही २०१६ मध्ये 'वर्कप्लेस' काढलं. वॉलमार्ट, स्टारबक्स असे बडे ग्राहकही मिळाले. पण मे २०२४ मध्ये मेटाने ते गुंडाळायचं जाहीर केलं आणि ऑगस्ट २०२५ पर्यंतच ते नेहमीसारखं वापरता आलं. जगाला लाइकची सवय लावणाऱ्यांनाच ऑफिसातलं लाइकचं दुकान चालवता आलं नाही!

का चालत नाही, ते मला आतून माहितीये. आमच्याकडे गणपतीच्या डेकोरेशनचा फोटो टाकला की लाइक्सचा पाऊस. ट्रॅडिशनल डेला नऊवारी आणि फेटे, धम्माल! एरवी तीच दहा-बारा उत्साही मंडळी एकमेकांना 'कॉन्ग्रॅट्स' म्हणत बसलेली. बाकीची जनता गप्प वाचून पुढे. महिनाअखेरीस मी रिपोर्ट करायचे, किती लोक अ‍ॅक्टिव्ह, कुठल्या टीमचे लाइक्स कमी. मग त्या टीमच्या मॅनेजरला मेल जायचा आणि दुसऱ्या दिवशी अख्खी टीम सकाळी सकाळी सूर्योदयाला अंगठे देताना दिसायची. एंगेजमेंट वाढली!

ती पोस्ट

माझी एक मैत्रीण तिथे सपोर्टला होती. शिफ्ट संपायची रात्री एकला. एका गुरुवारी सकाळी तिने पोस्ट टाकली. ना सूर्योदय, ना इमोजी. काल रात्री वाकडला शेवटचा ड्रॉप माझा होता, कॅबमध्ये गार्ड नव्हता, या आठवड्यात तिसऱ्यांदा. ट्रान्सपोर्टला दोन मेल केले, उत्तर नाही. इथे तरी कुणी वाचेल का? बस्स, एवढंच.

रात्री एकट्या मुलीचा शेवटचा ड्रॉप असेल तर सोबत गार्ड हवा, हा आमच्या कंपनीचाच नियम होता. आणि तो उगाच आलेला नाही. २००७ मध्ये पुण्यात नाइट शिफ्टला निघालेल्या बीपीओतल्या एका तरुणीवर ती ज्या कॅबमध्ये बसली तिच्याच ड्रायव्हरने साथीदाराबरोबर बलात्कार केला आणि तिचा खून केला. पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईला ती केस अजून आठवते. माझ्या आईलाही.

तासाभरात पोस्टवर कॉमेंट्सची रांग लागली. 'माझ्याबरोबरही झालंय.' 'आमच्या रूटलाही गार्ड नाही.' ज्यांना मी वर्षभर बोलतं करायचा प्रयत्न करत होते, ते गप्प लोक पहिल्यांदा बोलत होते. मला खरंच भारी वाटलं. हेच तर पाहिजे होतं ना आपल्याला? मी उत्साहाने मॅडमना सांगायला गेले.

मॅडमनी स्क्रीन बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "ते जरा खाली घे गं. आपण ऑफलाइन सोडवू."

मी खाली घेतलं. दोन क्लिक. वाद घातला नाही, मेलवर लेखी मागितलं नाही, काहीच नाही. प्रोबेशन नुकतं संपलं होतं, फ्लॅटचं भाडं माझ्या नावावर होतं. ही कारणं आहेत, सबब नाही.

दहा मिनिटांत तिचा फोन. "तूच काढलंस ना?"

मी म्हटलं, "हो."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

पण स्क्रीनशॉट कुणाच्या बापाला ऐकत नाही. संध्याकाळपर्यंत ती पोस्ट, सगळ्या कॉमेंट्ससकट, ऑफिसच्या झाडून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. 'चहा टपरी' नावाच्या ग्रुपवर तर माझ्या नावाचा जो उद्धार झाला तो इथे छापता यायचा नाही. सोमवारी गार्ड हजर! ट्रान्सपोर्टचा मेलही आला, 'आम्ही आपल्या सुरक्षेसाठी कटिबद्ध आहोत' वगैरे. पुढचे दोन महिने मात्र आमच्या आतल्या फेसबुकवर वाढदिवस सोडून एक अक्षर उमटलं नाही. माझ्या रिपोर्टमध्ये एक नवा कॉलम आला होता, 'निगेटिव्ह पोस्ट्स'. त्यात शून्य. मॅडम खूश.

वाचणारा कोण?

नंतर नोकरी सोडून फ्रीलान्स लिहायला लागले, तेव्हा या विषयावर हाताला लागेल ते वाचलं. एक किस्सा डोक्यातून जात नाही. २००३ मध्ये आयबीएमने 'व्हॅल्यूजजॅम' केला. सलग ७२ तास, जगभरातल्या कर्मचाऱ्यांनी इंट्रानेटवर येऊन बोलायचं, की आपली कंपनी नक्की कशासाठी आहे. सुरुवातीलाच तक्रारींचा असा भडिमार झाला की काही बडे साहेब म्हणाले, बंद करा हे. सीईओ सॅम पाल्मिसानो यांनी बंद केलं नाही. उलट सगळ्या कॉमेंट्सचे प्रिंटआउट काढले, काही फूट उंचीचा गठ्ठा झाला, तो घरी नेऊन वाचला. हाताखालच्या साहेबांनाही वाचायला सांगितलं. त्यातून पुढे जे बदल झाले त्यातला एक मला फार आवडतो. खालच्या फळीतल्या मॅनेजर्सना वर्षाला ५ हजार डॉलरपर्यंत खर्च वरच्यांना न विचारता करायची मुभा मिळाली. आमच्याकडे एका गार्डसाठी किती सह्या लागत होत्या, देव जाणे.

आपल्याकडेही उदाहरण आहे. एचसीएलमध्ये विनीत नायर यांनी 'यू अँड आय' सुरू केलं. कर्मचाऱ्याने सरळ साहेबाला प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न-उत्तर दोन्ही सगळ्यांना दिसणार. अवघड प्रश्नही लपवायचे नाहीत. घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला, अशी कुरकुर तिथेही झाली होती. पण चाललं. २०१० च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर लिहिलंय. अर्थात साहेबाने स्वतःच लिहिलंय, तेव्हा थोडं मीठ आपण आपल्या चवीने घालायचं.

ही दोन्ही उदाहरणं लाइक मोजायच्या जमान्याआधीची आहेत, हेही बघा. तिथे साहेब स्वतः वाचत होते. आमच्याकडे साहेबांच्या वतीने मी वाचत होते, आणि मला अधिकार एकच होता, खाली घ्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग व्हॉट्सअ‍ॅपच बरं की! बरं कसलं? त्या ग्रुपमध्ये रात्री साडेअकराला बॉसचं 'टीम, क्विक वन' येतं आणि निळ्या टिक दिसल्या की सुटका नाही. ऑफिसनंतर फोन न उचलायचा हक्क मिळावा, म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे तूर्तास नोटिफिकेशन म्यूट करणं आपल्याच हातात. आणि हो, स्लॅकवर साहेबाबद्दल डीएममध्ये मन मोकळं करणाऱ्यांनो, जपून! काही पेड प्लॅनवर कंपनी प्रायव्हेट मेसेजसुद्धा एक्सपोर्ट करू शकते.

मैत्रीण माझ्याशी चार महिने बोलली नाही. मग एकदा एफसी रोडवर समोरासमोर आलो. पळायला जागा नव्हती, सो वैशालीत शिरलो. मी सॉरी म्हटलं. ती डोशाचा तुकडा मोडत म्हणाली, "अगं, तू काढलंस म्हणून तर ते पसरलं. नुसतं राहिलं असतं तर शंभर लाइक्स पडले असते आणि मी अजून एकटीच वाकडला उतरले असते." हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही.

ती आता दुसऱ्या कंपनीत आहे. तिथेही आतलं फेसबुक आहे, बॅजेस आहेत, दर महिन्याला 'टॉप कॉन्ट्रिब्युटर' वगैरे. परवा तिला विचारलं, "तिथे लिहितेस का गं काही?"

"वाढदिवस असला की केकचा इमोजी टाकते," ती म्हणाली. "आणि कॅबचा नंबर आईला पाठवते."