दारू, उदासी आणि मेंदूतील रसायने

उपवासकाळ सुरू झाला की धर्मग्रामात एक बातमी हमखास कानी येते: अमक्याने दारू सोडली. ऐकून आम्हांला आनंद होतो. पण जो माणूस वर्षानुवर्षे, सकाळी उठल्यापासून पीत आला आहे, त्याने बुधवारी राख लावून घेतली आणि त्याच दिवसापासून थेंबही घ्यायचा नाही असे ठरविले, तर शुक्रवारी-शनिवारी त्याच्या घरी काय होईल याची आम्हांला धास्तीही वाटते. हे प्रकरण नुसत्या निश्चयाचे नाही. ते मेंदूतील रसायनांचे आहे.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीक फट असते. एका खाचरातले पाणी बांधाला पाडलेल्या तोंडातून दुसऱ्या खाचरात जाते, तसा एका पेशीचा निरोप रसायनाच्या रूपाने ही फट ओलांडतो. निरोप पोचला की उरलेले रसायन पहिली पेशी परत ओढून घेते, नाही तर तेथली विकरे ते मोडून टाकतात. हे मोडण्याचे काम थांबले तर काय होते, ते फवारणी करणाऱ्यांना ठाऊक असेल. काही कीटकनाशके असेच एक विकर बंद पाडतात. मग विषबाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात.

मनःस्थितीचा या रसायनांशी संबंध आहे, याचा एक मोठा सुगावा आपल्याच रानातील सर्पगंधेच्या मुळीने दिला. वैद्य लोक ही मुळी वेडावर पूर्वीपासून देत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात मांडला, आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे दिसून आले की रेसर्पीनमुळे पेशींमधील सेरोटोनीन, नॉरअ‍ॅड्रेनलीन व डोपामीन यांची साठवण रिकामी होते, आणि ते घेणारे काही रोगी अगदी खिन्न होतात. त्याच सुमारास अमेरिकेत क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड नावाची गोळी देत होते. फुप्फुसे बरी होण्याआधीच रोगी हसू-बोलू लागले! ही गोळी तीच रसायने मोडणारे विकर अडविते, असे आढळले.

मग सिद्धांत ठरला: रसायन कमी पडले की उदासी, वाढविले की बरे. सोपा आणि लक्षात राहणारा, पण अपुरा. उदासीवरच्या गोळ्या रसायनात फरक काही तासांत करतात. मन उभारी धरते ते दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा. रेसर्पीनने उदासी येतेच, हेही पुढे तितके पक्के राहिले नाही. २०२२ साली आधीच्या सर्व अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा सेरोटोनीन कमी झाल्यानेच उदासी येते असा भक्कम पुरावा मिळाला नाही. क्रोसीनने डोके थांबते, म्हणून डोकेदुखी क्रोसीन कमी पडल्याने होते असे कोणी म्हणत नाही. तरी क्रोसीनने डोके थांबतेच. उदासीच्या गोळ्यांनीही पुष्कळांना गुण येतो. डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या मध्येच बंद करू नयेत.

आता दारूकडे वळू. मेंदूत गाबा नावाचे रसायन ब्रेकचे काम करते आणि ग्लुटामेट हे गाडी हाकण्याचे. फेणी असो की हुर्राक, दारू ब्रेक दाबते आणि हाकणाऱ्याला आवरते. म्हणून पिणाऱ्याला सैल, निवांत वाटते. रोज कोणी बाहेरून ब्रेक दाबत असेल तर मेंदू आपला स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि गाडी जोराने हाकू लागतो, म्हणजे चाल सारखी राहते. अशा वेळी दारू एकाएकी काढून घेतली तर गाडी उतारावर सुटते. सहा-आठ तासांत हात कापू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालताना दिसतात, माणूस अंथरूण चिवडतो, घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. लोक म्हणतात, बाहेरचे लागले, आणि देवऋषी गाठतात. आमच्याकडेही प्रार्थनेसाठी आणतात. प्रार्थना आम्ही जरूर करतो, पण गाडी इस्पितळाकडेच वळवावी. या भ्रमात उपचाराविना माणूस दगावतो. इस्पितळात ब्रेकचे काम करणारी औषधे देऊन ती टप्प्याटप्प्याने कमी करतात, शिवाय ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. तेव्हा रोज भरपूर पिणाऱ्याने सोडण्याचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवावा. अधूनमधून पिणाऱ्याला ही भीती नाही.

दुसरा धोका आमच्या बायाबापड्यांकडून होतो, तोही मायेपोटी. नवऱ्याला न कळत आमटीत कालवायची पूड विकली जाते. अशा पुडीत पुष्कळदा डायसल्फिराम असते. त्याचा दारूवरचा उपयोग १९४८ साली डेन्मार्कमध्ये लक्षात आला, आणि हे औषध चांगलेच आहे, पण ज्याने समजून घेतले त्याला. ते पोटात असताना प्यायल्यास चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. हृदय दुबळे असेल तर जीवही जातो. बाईने पूड मुळीच घालू नये. नालट्रेक्सोन म्हणून दुसरी गोळी आहे, ती पिण्याची ओढ कमी करते. तीही डॉक्टरांकडूनच.

दारू आणि उदासी बहुधा एकाच घरात राहतात. कोणी उदासीपोटी पितो. पण दारू स्वतःही उदासी आणते, आणि पिणे थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत ती पुष्कळदा आपोआप ओसरते. ओसरली नाही, झोप उडाली, जेवण तुटले, माणूस "माझे ओझे कशाला" असे बोलू लागला, तर त्याला सरळ विचारावे: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. अशा घरात कीटकनाशकाचा डबा माळ्यावर किंवा खाटेखाली नको. तो कुलपात ठेवावा आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी, किंवा डबा शेजाऱ्याकडे द्यावा. हताशपणाची लाट पुष्कळदा काही मिनिटांची किंवा तासांची असते, आणि तेवढ्या वेळात विष हाती लागले नाही तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून अत्यंत जहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली, तेव्हा तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढील वीस वर्षांत निम्म्याहून खाली आले. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, रात्री-अपरात्री चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत व कन्नडमध्ये बोलता येते.