खेळाचा मॉनिटर : वेग कीं चित्र?

घरांतील संगणकासाठीं नवा मॉनिटर घ्यावयाचें ठरलें कीं बहुधा दोन पक्ष पडतात. धाकट्या पक्षाला वेग पाहिजे असतो. १४४ हर्ट्झ, २४० हर्ट्झ हे आंकडे त्याच्या तोंडीं असतात. वडील पक्षाला चित्र स्वच्छ, रंग खरे आणि अक्षर रेखीव पाहिजे असतें; कारण त्याच पडद्यावर रात्रीं हिशेब व्हावयाचे असतात आणि रविवारीं चित्रपट पाहावयाचा असतो. पैसा एकच, टेबल एकच, आणि घेतलेली वस्तु पांचसात वर्षें तरी बदलावयाची नाहीं. मग दुकानदार ज्या आंकड्यावर बोट ठेवील तोच मोठा वाटूं लागतो, आणि घरांतील वादाचा निकाल दुकानांत लागतो.

वेग ही एक गोष्ट आणि चित्राचा दर्जा ही अगदीं दुसरी, असें या वादांत दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. खेळाच्या मॉनिटरपुरतें बोलावयाचें तर हें गृहीत अर्धेंच खरें आहे.

पडद्यावरील चित्र एका सेकंदांत जितक्या वेळां नव्यानें दाखविलें जातें, तो त्याचा रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे तितके हजारांश, टिकतें. १४४ हर्ट्झवर तें सुमारें ७ मिलिसेकंद टिकतें, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. हे आंकडे शेजारींशेजारीं मांडले म्हणजे जाहिरातींत न दिसणारी एक गोष्ट ध्यानांत येते. ६० वरून १४४ वर गेलें असतां प्रत्येक चित्रामागें जवळजवळ १० मिलिसेकंद वांचतात; १४४ वरून २४० वर गेलें तर पावणेतीन; आणि २४० वरून ३६० वर जाऊन दीड मिलिसेकंदहि पुरता हातीं लागत नाहीं. आंकडा ढांगा टाकीत पुढें जातो. फळ मात्र पावलागणिक आखडत जातें.

येथें एक शंका साहजिकच निघते. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, तेव्हांपासून आजपर्यंत चित्रपट सेकंदाला २४ चित्रांवर सुखानें चालला आहे. मग खेळालाच १४४ कशाला लागतात? याचें उत्तर असें कीं, चित्रपटाच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्र घेतलें जात असतां हलणारी वस्तु किंचित् पुसट उमटते, आणि त्या पुसटपणामुळें एक चित्र दुसऱ्यांत मिसळून जातें. संगणक मात्र प्रत्येक चित्र मुळांत गोठवून काढल्यासारखें रेखीव काढतो. त्यामुळें दोन चित्रांमधील उडी डोळ्यांना खुपते. शिवाय प्रेक्षक नुसता पाहत असतो, खेळणाऱ्याचा हात माउसवर असतो. हातानें मान वळवावी आणि डोळ्यानें ती वळलेली पाहावी, या दोहोंमध्यें जितकें अंतर पडेल तितका खेळ जड वाटतो.

परंतु याहून महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे, आणि तो वडील पक्षाच्या कामाचा आहे. जुन्या कांचेच्या नळीच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका क्षणभर चमके आणि लगेच मावळे. आजचे पडदे तसे नाहींत. एक चित्र आलें कीं दुसरें येईपर्यंत तें जागच्या जागीं उजळ उभें राहतें. डोळा मात्र धांवणाऱ्या आकृतीमागें अखंड सरकत असतो. चित्र थांबलेलें, डोळा चाललेला. मग तें चित्र डोळ्याच्या आंतील पटलावर फरफटल्यासारखें उमटतें. सेकंदाला ९६० बिंदूंच्या गतीनें एखादी आकृति पडद्यावरून जात असेल, तर ६० हर्ट्झवर तिची कड १६ बिंदूंइतकी पसरते, १२० वर ८ आणि २४० वर ४. म्हणजे ज्या बारीक नक्षीसाठीं वडील पक्षानें जादा पैसे मोजले, ती नक्षी चित्र हलूं लागतांच धुवून निघते. पडदा स्थिर असतांना तिचा उपयोग. खेळ तर क्षणभरहि स्थिर नसतो. वेग हा अशा रीतीनें हलत्या चित्राचा रेखीवपणाच आहे.

उलट बाजूहि तितकीच खरी आहे. पडदा वेगवान आणला म्हणून चित्रें आपोआप वाढत नाहींत. तीं संगणकांतील ग्राफिक्स कार्डानें पुरवावीं लागतात. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० बिंदु असतात. २५६० गुणिले १४४० वर ३६ लाख ८६ हजार ४००. आणि ज्याला फोर-के म्हणतात त्या ३८४० गुणिले २१६० वर ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. ‘व्हॅलोरंट’ (२०२०) किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ (२०२३) यांसारखे सामन्याचे खेळ साध्या कार्डावरहि भराभर चालतात. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) सारखा नटवा खेळ चांगल्या चांगल्या कार्डांना घाम फोडतो. कार्ड सेकंदाला ७० चित्रेंच देत असेल तर २४० हर्ट्झचा पडदा तींच चित्रें पुनःपुन्हा दाखवीत बसतो. चूल एका शेगडीची आणि पंगत शंभर पानांची, अशी ती स्थिति होते. म्हणून मॉनिटर पाहण्याआधीं घरचें कार्ड पाहावें. कार्डाची गति कमीजास्त होते तेव्हां पडद्यानें आपला ठेका तिच्याशीं जुळवून घ्यावा, अशीहि सोय निघालेली आहे; एनव्हिडियाची जी-सिंक २०१३ सालीं जाहीर झाली, आणि पाठोपाठ एएमडीची फ्रीसिंक आली. या सोयीमुळें चित्र मधोमध फाटल्यासारखें दिसण्याचा दोष जातो. मध्यम कार्डाच्या घरांत शंभर जादा हर्ट्झपेक्षां हिचें मोल अधिक आहे.

चित्राचा दर्जा मुख्यतः पडद्याच्या जातीवर ठरतो. टीएन जातीचा पडदा चपळ आणि स्वस्त; पण जरा बाजूनें पाहिलें कीं रंग उतरतात, आणि मागें उभा राहून पाहणाऱ्याला भलतेंच चित्र दिसतें. आयपीएस जातीचे रंग भरंवशाचे, कोठूनहि सारखे. मात्र त्याचा काळा रंग खरा काळा नसतो, अंधाऱ्या खोलींत तो राखेसारखा दिसतो. त्यांतील उजेड-अंधाराचें प्रमाण साधारणतः हजारास एक असतें. व्हीए जातींत तें तीन हजारांच्या घरांत जातें, म्हणून रात्रीचे देखावे तींत खुलतात. परंतु तिचे काळे बिंदु आळशी असतात, आणि अंधारांतून कोणी धांवला कीं मागें काजळी ओढल्यासारखी दिसते. ऑलेड जातीचा बिंदु स्वतःच उजळतो व स्वतःच विझतो. काळा तो काळाच, आणि बदल जवळजवळ तत्काळ. तरीहि ऑलेडचा पडदा ६० हर्ट्झवर चालविला तर मघां सांगितलेली फरफट त्यालाहि चुकत नाहीं. कारण ती बिंदूच्या आळसानें नव्हे, चित्राच्या थांबण्यानें होते. आणखी एक भय असें कीं, एकच चित्र तासन्‌तास उभें राहिलें तर त्याची छाया ऑलेडवर कायमची उमटूं शकते. जेथें दिवसभर हिशेबाचे तक्ते उघडे राहतात त्या घरानें याचा विचार अगोदर करावा.

खोक्यावरील दोन शिक्क्यांना भुलूं नये. ‘१ मिलिसेकंद’ हा आंकडा बहुधा अशा मांडणीवर मोजलेला असतो, जी लावली असतां आकृतींभोंवतीं उलट रंगाच्या कडा उमटतात आणि कोणीहि ती नेहमीं वापरीत नाहीं. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ हा शिक्का त्या मालिकेंतील अगदीं खालचा. प्रखर उजेड आणि गडद अंधार एकाच चित्रांत शेजारींशेजारीं दाखविण्याचें सामर्थ्य त्यावरून सिद्ध होत नाहीं.

मग घ्यावें काय? ६० वरून १२० किंवा १४४ पर्यंतची वाट चैनीची नव्हे. तो खर्च चित्रावरच झाला असें समजावें, आणि वडील पक्षानें येथवर धाकट्यांचें ऐकावें. त्यापुढील पैसा मात्र हर्ट्झवर न घालतां पडद्याच्या जातीवर घालावा. २७ इंची, १४४० रेघांचा, १४४ हर्ट्झच्या आसपासचा आयपीएस मॉनिटर बहुतेक घरांना पुरेसा आहे. त्यावर इंचाला सुमारें १०९ बिंदु पडतात आणि अक्षर रेखीव दिसतें. तोच २७ इंची पडदा १०८० रेघांचा घेतला तर इंचाला ८२ बिंदु उरतात आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसूं लागतात. रोज सामने खेळणारा आणि त्यांतील जय-पराजय मनावर घेणारा मुलगा घरांत असेल, तर त्याची गोष्ट निराळी. कोपऱ्यावरून डोकावणारा प्रतिस्पर्धी एका चित्राआधीं दिसणें ही त्याच्या दृष्टीनें खरी कमाई असते. त्यानें २४ इंची, १०८० रेघांचा, २४० हर्ट्झचा पडदा खुशाल घ्यावा. मात्र त्यावर फोटो रंगवावयास बहिणीला बसवूं नये. २०२० सालीं निघालेले प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स ज्यांच्या घरीं आहे, त्यांना १२० हर्ट्झच्या वर एक पैसाहि घालण्याचें कारण नाहीं. तीं यंत्रें त्यापुढें जात नाहींत. फोर-के आणि १२० हीं दोन्ही एकदम पाहिजे असतील तर मॉनिटरला एचडीएमआय २.१ चें तोंड आहे कीं नाहीं तेवढें विचारून घ्यावें. फोर-के, ऑलेड आणि २४० हर्ट्झ एकत्र असलेले मॉनिटर २०२४ सालापासून मिळूं लागले आहेत. ज्याची थैली तेवढी जड आहे त्याचा वाद मिटला. त्याच्या ग्राफिक्स कार्डाचा मात्र तेथून सुरू होतो.

मॉनिटर घरीं आणल्यावर एक काम राहतें, आणि तें पुष्कळांकडून राहूनच जातें. वेगवान पडदा जोडला तरी संगणक अनेकदां त्याला ६० हर्ट्झवरच चालवीत राहतो. जुनी केबल तशीच ठेवली तर पुढचा आंकडा यादींत दिसतहि नाहीं. खोक्यांतली केबल वापरावी, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्यें जाऊन पुरा आंकडा निवडावा, आणि मग माउसचा बाण पडद्यावर भराभर वर्तुळाकार फिरवून पाहावा. ६० वर त्या वर्तुळांत बाणाच्या विरळ, सुट्या आकृति दिसतात. १४४ वर त्या दाट होऊन एकमेकींना जवळजवळ चिकटतात. हा फरक पाहण्यास वडील पक्षालाहि चष्मा पुसावा लागत नाहीं.