खाडीपलीकडचा नेम : रायफलच्या काडतुसांचा दीडशे वर्षांचा मागोवा

रेवसच्या धक्क्यावरून समोर पाहिले की धरमतर खाडीच्या मुखापलीकडे उरण तालुक्यातले करंजा दिसते. मधले पाणी दोन किलोमीटरांहून जास्त आहे. पलीकडची लाँच ओळखू येते, पण तिच्यातला माणूस ओळखू येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीला डाव्या अंगाला एक छोटी तबकडी बसवलेली असे. लांबच्या नेमासाठी असलेल्या या तबकडीवरचा शेवटचा आकडा होता २८०० यार्ड, म्हणजे अडीच किलोमीटरांहून थोडे अधिक. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर रेवसच्या शिपायाने करंजाच्या धक्क्यावर नेम धरायला हरकत नव्हती.

एकट्याने नेम धरावा अशी अपेक्षा अर्थातच नव्हती. शंभर-दीडशे शिपायांनी एका हुकमावर एकदम बार काढायचे आणि लांबच्या घोळक्यावर गोळ्यांचा पाऊस पाडायचा, असा त्यामागचा विचार होता. तरीही रायफलीवर कोरलेला आकडा हा एक दावा असतो. हा आकडा पुढच्या शंभर वर्षांत सतत लहान होत गेला, आणि काडतुसांचा इतिहास सांगायचा तर तो या आकड्याच्या आधारानेच सांगावा असे मला वाटते.

या इतिहासाचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. तेव्हा ठासणीच्या बंदुका मागे पडून मागून भरायच्या स्नायडर रायफली येत होत्या. दारू, गोळी आणि टोपी एकाच पुंगळीत बसवलेले काडतूस ही त्या काळातली मोठी क्रांती होती. स्नायडरच्या मागोमाग मार्टिनी-हेन्री आली. तिची गोळी ३१ ग्रॅमची, शिशाची, आणि वेग सेकंदाला साधारण ४१० मीटर. जवळून या गोळीचा मार भयंकर होता, पण ती इतकी सावकाश जाई की लांबचा नेम धरताना नळी चांगलीच वर उचलावी लागे. अंतराचा अंदाज पन्नास मीटरांनी चुकला तर गोळी डोक्यावरून जाई किंवा पायाशी पडे. काळ्या दारूचा धूर तर असा की दुसऱ्या बारापर्यंत समोरचे काही दिसत नसे.

१८८०च्या दशकाच्या अखेरीस थ्री नॉट थ्री आली. पहिली काडतुसे काळ्या दारूचीच होती, मग काही वर्षांत कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली आणि वेग वाढला. याच काळात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाला कवच नसलेली, शरीरात फुटून पसरणारी गोळी तयार केली. १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांना युद्धात मनाई केली. पुढे १९१०मध्ये मार्क सात हे काडतूस आले आणि आपल्याकडे थ्री नॉट थ्री म्हणून जे ओळखले जाते ते हेच. टोकदार गोळी, वजन ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर, तोंडाशी ऊर्जा ३१०० ज्यूलच्या आसपास. गोळीच्या टोकात शिशाऐवजी अॅल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरलेला असे, त्यामुळे वजन मागच्या बाजूला राही. खडकीत बनलेल्या या काडतुसांच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरे असत.

कोकणातल्या पोलिसांच्या दृष्टीने या काडतुसाचा एक गुण त्रासाचा होता. त्याच्या टोपीतल्या रसायनातून उडवल्यावर एक क्षार उरे, तो नळीत बसे आणि हवेतले पाणी ओढून घेई. किनाऱ्याच्या दमट हवेत अशी नळी झपाट्याने गंजायला लागे. म्हणून चांदमारी आटोपली की नळीत गरम पाणी ओतून ती धुवायची, कोरडी करायची आणि मग तेल लावायचे, असा शिरस्ता होता. नुसते तेल लावून क्षार जात नाही. ज्या रायफलीच्या नळीतले आटे गंजाने खाल्ले, तिच्यात कितीही उत्तम काडतूस भरले तरी गोळी सरळ जात नाही. रायफल अचूक की काडतूस अचूक हा वाद घालणाऱ्यांनी ही तिसरी बाजू, म्हणजे निगा, विसरू नये.

१९६२च्या चीन युद्धानंतर चित्र बदलले. वरणगावचा कारखाना १९६४चा, आणि त्याच्या काडतुसांच्या बुडावर ओएफव्ही अशी खूण असते. सैन्य ७.६२ बाय ५१ (मिलिमीटरांत गोळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी) या काडतुसाकडे वळले. गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८४० मीटरच्या जवळपास, ऊर्जा ३३०० ज्यूल. थ्री नॉट थ्रीपेक्षा ताकद थोडीच जास्त, पण काडतूस आखूड आणि बुडाला बाहेर आलेली कड नाही, त्यामुळे आपोआप भरणाऱ्या रायफलीत ते अडखळत नाही. याच काळात ईशापूरच्या कारखान्याने जुनी ली-एनफिल्ड या नव्या काडतुसासाठी पुन्हा घडवली. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या मागच्या पट्टीवर २००० मीटरपर्यंतचे आकडे होते. दोनच वर्षांत सुधारित आवृत्ती निघाली आणि पट्टी ८०० मीटरवर थांबली. काडतूस तेच, नळी तीच, फक्त दावा निम्म्याहून खाली आला. शस्त्रांच्या इतिहासात इतका प्रामाणिक बदल मी दुसरा पाहिलेला नाही.

८०० मीटर हा आकडा आपल्या जागी बरोबर होता. गोळी आवाजापेक्षा वेगाने निघते, पण हवा तिला अडवत राहते आणि एका टप्प्यावर तिचा वेग आवाजाच्या वेगाखाली येतो. ती ओलांडणी होताना गोळी डळमळते आणि नेमाचा भरवसा संपतो. ७.६२ बाय ५१ची साधी सैनिकी गोळी साधारण साडेआठशे-नऊशे मीटरांवर तिथे पोचते. एके-४७चे आखूड ७.६२ बाय ३९ काडतूस पाचशेच्या आसपासच दमते. दोन्हींचा व्यास कागदावर सारखाच, म्हणून वर्तमानपत्रांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते. प्रत्यक्षात एकेची गोळी आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७१५ मीटर आणि ऊर्जा २००० ज्यूल, म्हणजे लांब काडतुसाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी.

किनाऱ्यावर यात वाऱ्याची भर पडते. दुपारी रेवसला खारा वारा सुटतो. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा धरला तर ३०० मीटरांवर ७.६२ बाय ५१ची गोळी सुमारे वीतभर बाजूला जाते, एकेची हातभर. ५०० मीटरांवर पहिली पाऊण मीटर सरकते आणि दुसरी दीड मीटर. म्हणजे अंतर दुपटीहून कमी वाढले, तर वाऱ्याचे सरकणे तिपटीने वाढले. शिपायाने वारा ओळखला नाही तर ३०० मीटरांवर एकेचा बार उभ्या माणसाला चुकवू शकतो. याउलट कारगिल-द्रासच्या उंचीवर हवा विरळ असल्याने तीच गोळी कमी अडते, कमी सरकते आणि समुद्रसपाटीला बांधलेल्या नेमापेक्षा वर लागते. काडतुसाच्या खोक्यावर छापलेली ताकद ही नळीच्या तोंडाशी मोजलेली असते. पुढचा हिशोब जागेवर करावा लागतो.

नव्वदच्या दशकात पुण्याच्या पाषाणमधल्या संरक्षण संशोधन संस्थेने घडवलेली इन्सास आली आणि तिच्याबरोबर ५.५६ बाय ४५. चार ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ९०० मीटरच्या घरात. बहुतेक चकमकी तीनशे-चारशे मीटरांच्या आत होतात, हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अभ्यासांचा निष्कर्ष या काडतुसामागे होता. वजन मोठ्या काडतुसाच्या निम्मे, म्हणून शिपाई तेवढ्याच ओझ्यात दुप्पट फैरी नेतो. दणका कमी असल्याने दुसरा नेम लवकर बसतो. नुकसान अंतरावर दिसते. तोंडाशी हे काडतूस मोठ्या काडतुसाच्या निम्म्या ताकदीचे असते आणि ५०० मीटरांवर जेमतेम एक तृतीयांश उरते. इन्सासची सांगितली जाणारी परिणामकारक मर्यादा ४०० मीटर आहे. २८०० यार्डांवरून निघालेला आकडा इथवर आला.

आता सैन्य पुन्हा ७.६२कडे वळले आहे, पण दोन वाटांनी. लांबच्या माऱ्यासाठी ७.६२ बाय ५१ची सिग ७१६ रायफल आहे. तिचा ७२,४०० नगांचा पहिला करार फेब्रुवारी २०१९मध्ये झाला. सर्वसाधारण वापरासाठी ७.६२ बाय ३९ची एके-२०३ आहे. तिच्या ६,०१,४२७ नगांचा करार डिसेंबर २०२१मध्ये झाला आणि ती अमेठीजवळ कोरव्याला बनते. मला ही विभागणी योग्य वाटते. एकाच काडतुसाने डोंगरही राखायचा आणि गल्लीही, हा हट्ट आपण फार काळ धरला.

रायगडच्या किनाऱ्याला आखूड ७.६२ची ओळख मात्र सैन्याने करून दिलेली नाही. १९९३च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडी इथे स्मगलरांनी माल उतरवला, त्यात आरडीएक्स होते आणि एके-५६ रायफली होत्या. त्यानंतरचे मुंबईतले स्फोट सर्वांना आठवतात. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. ती मस्कतहून युरोपकडे निघालेली, मालकीण ऑस्ट्रेलियन, आणि खलाशांनी वादळी समुद्रात सोडून दिलेली निघाली. घातपाताचा संबंध नव्हता, पण त्या दिवशी सारा जिल्हा धास्तावला होता, आणि का धास्तावला हे कोणाला सांगावे लागले नाही.

मधल्या २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्याच्या रात्रीबद्दल काडतुसांच्या अंगाने फार चुकीचे बोलले जाते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती जुन्या थ्री नॉट थ्री होत्या, म्हणून ते हरले, असे आजही ऐकू येते. काडतूस कमी पडले नव्हते. फलाटाच्या अंतरावर, म्हणजे काही दहा-वीस मीटरांवर, थ्री नॉट थ्रीची गोळी एकेच्या गोळीपेक्षा दीडपट ताकदीची असते. फरक दुसरीकडे होता. प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढून नवे काडतूस आत घ्यायचे आणि समोर तीस गोळ्यांची आपोआप चालणारी रायफल. त्याहून मोठा फरक सरावाचा. हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने दारूगोळ्याच्या टंचाईमुळे मुंबईच्या शीघ्र कृती दलाचाही गोळीबाराचा सराव थांबला होता, याची नोंद घेतली. ही ओळ मला त्या अहवालातली सर्वांत गंभीर ओळ वाटते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश पायदळाचा शिपाई याच हाताने ओढायच्या रायफलीतून मिनिटाला पंधरा नेमके बार ३०० यार्डांवर काढत असे. त्याच्या हातून काडतुसांमागून काडतुसे उडवून घेतली गेली होती, म्हणून.

नेमाची महाराष्ट्रातली खरी परंपरा पाहायची तर ती सर्वांत दुबळ्या काडतुसापाशी आहे. पॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमची, वेग आवाजाच्या आसपास, ऊर्जा जेमतेम १४० ज्यूल. या काडतुसाने कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला ६००पैकी ५९७ गुण घेत ५० मीटर प्रोनचे जगज्जेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य जिंकले. त्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. या पातळीचे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसे बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रावर जातात, नळी शिकंजात पकडून एकामागून एक लॉट उडवून पाहतात आणि जो लॉट आपल्या नळीला जुळतो तोच विकत घेतात. कारखाना एक, नाव एक, खोके एक, तरी एका लॉटचा घोळका बारा मिलिमीटरचा येतो आणि दुसऱ्याचा वीसचा. अचूकपणा काडतूस आणि नळी यांच्या जोडीत असतो आणि तो उडवून पाहिल्याशिवाय कळत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

म्हणून किनाऱ्याच्या सुरक्षेची चर्चा निघते तेव्हा कोणती रायफल घेतली एवढ्यावर आपण थांबू नये. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या सागरी पोलीस ठाण्यांतल्या शिपायाचे काम हजार मीटरांचे नाही. लाँचच्या डेकवर, हलत्या बोटीवरून, आडव्या वाऱ्यात, शंभर मीटरांच्या आतला निर्णय त्याला घ्यावा लागणार आहे, आणि बहुतेक वेळा तो निर्णय बार न काढण्याचा असणार आहे. दोन्हींसाठी हात तयार लागतो. गृहखात्याने दरवर्षी किती रायफली खरेदी केल्या हे जसे जाहीर होते, तसेच प्रत्येक सागरी ठाण्यातल्या शिपायाने वर्षभरात चांदमारीवर किती काडतुसे उडवली हेही जाहीर करावे, आणि तो आकडा अपुरा असेल तर पुढच्या खरेदीत रायफलींच्या आधी सरावाची काडतुसे घ्यावीत.