घुग्घुसमधील रक्तदाब तपासणी : खाणीच्या दवाखान्यापासून घरापर्यंत

रक्तदाब मोजणे चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस या कोळसा खाणीच्या गावाला नवे नाही. खाण नियम, १९५५ मधील तरतुदींनी कोळसा खाणीतील कामगाराची नोकरीवर घेताना आणि पुढे जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. तिच्यात रक्तदाबाची नोंद होई. पण दोन तपासण्यांच्या मधे दाब वाढला तर तो कळत नसे आणि कामगाराच्या घरची माणसे या तपासणीत येतच नसत.

तेव्हाचे साधन पाऱ्याचे होते. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची पद्धत इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली. स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जोड रशियन डॉक्टर कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये दिली. ऐकून मोजायला शिकलेला माणूस लागे, त्यामुळे मोजणी दवाखान्यातच राहिली. आकडा स्वतःच दाखवणाऱ्या डिजिटल यंत्राने ती गरज संपवली.

२०१० मध्ये केंद्राचा असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या १०० जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली होते. याच सुमारास, २०११ ते २०१३ या काळात, गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. सर्वाधिक, म्हणजे सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे निघाले. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे प्रमुख कारण. त्यामुळे उच्च रक्तदाब हा शहरातल्या सुखवस्तूंचा आजार आहे, हा समज या जंगलभागात टिकला नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी आधी निवडलेल्या जिल्ह्यांत शेजारचा वर्धा होता. ठरलेली औषधे, अखंड पुरवठा आणि प्रत्येक भेटीत मोजणी, ही त्याची रीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली. फोनवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरला रुग्णाने घरी मोजलेला आकडाच उपयोगी पडतो.

मात्र नुसते यंत्र घेऊन दाब उतरत नाही. ब्रिटनमधील ११८२ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) घरच्या नोंदी पाहून डॉक्टरांनी औषध बदलले, त्या गटांचा दाब वर्षभराने इतरांपेक्षा कमी निघाला. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना अशा नोंदींची गरज अधिक, कारण त्यांच्यात वाढलेला दाब लवकर इजा करतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, खर्रा टाळावा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, हात छातीच्या उंचीवर टेकवावा आणि बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहावेत. भेटीआधीचा आठवडा सकाळ-संध्याकाळ असे मोजावे. रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावरची वेळ धरावी आणि पाळीही लिहावी. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर दाब वाढलेला समजतात. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणे, बोबडी वळणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा असेल, तर लगेच रुग्णालय गाठावे. आकडा चांगला आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. बहुधा तो गोळीमुळेच आलेला असतो.