आवडलं? आधी वहीत लिहा

रात्री अंथरुणात मोबाइल चाळताना कुर्ता आवडतो. खाली लिहिलेलं असतं, ‘फक्त 2 शिल्लक!’ आणि बोट लगेच पुढे सरकतं. अशी खोटी घाई लावणं केंद्र सरकारच्या 2023च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फसव्या क्लृप्त्यांत मोडतं, तरी मोह काही सुटत नाही. म्हणून एक छोटी वही करा. वस्तू, किंमत, तारीख आणि ती का हवी, एवढंच लिहा. ॲपमधली विशलिस्ट नको. ‘किंमत उतरली’ म्हणत ती पुन्हा हाका मारते. मग 30 दिवस थांबा. तेवढ्यात कपाटही उघडून पाहा, तसाच कुर्ता आत घडी घालून ठेवलेला असायचा! महिन्यानंतरही हवासा वाटला, तर खुशाल घ्या. औषधं, शाळेची पुस्तकं मात्र या वहीत नकोत. मुलांनाही एक पान द्या. हट्ट त्यांच्याच अक्षरात लिहू द्या, किमतीसकट.